मागचे पाटे उतरले, त्याची गोष्ट

1999 साली टोयोटाने लँड क्रूझरच्या 70 मालिकेतल्या गाड्यांच्या पुढच्या एक्सेलवरचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंगा, काढले आणि तिथे कॉइल स्प्रिंगा बसवल्या. मागचे पाटे मात्र होते तसेच ठेवले. या मालिकेतला 79 नावाचा पिकअप आजही असाच विकला जातो: पुढे कॉइल, मागे पाटे. कंपनीने जिथे हात आखडता घेतला, तिथून पुढचे काम करणारा एक अख्खा धंदा ऑस्ट्रेलियात उभा राहिला. नवीकोरी गाडी शोरूममधून थेट वर्कशॉपमध्ये न्यायची, मागचे पाटे कापून काढायचे आणि कॉइल बसवून घ्यायच्या, हे तिथल्या आडरानात फिरणाऱ्यांना आता मुळीच नवलाचे वाटत नाही.

पण पाटे इतकी वर्षे टिकले ते उगीच नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला लंडनच्या ओबाडाया इलियटने लंबगोल पाट्यांचे पेटंट घेतले आणि घोडागाडीत बसणे माणसाच्या हाडांना सुसह्य झाले. मुंबईच्या व्हिक्टोरिया याच पाट्यांवर झुलत चालल्या. मोटार आली तेव्हा तिने घोडा सोडला, पाटे ठेवले. कारण पाटा एकटाच चार कामे करतो. तो वजन पेलतो. एक्सेलला पुढेमागे आणि आडवे सरकू देत नाही. इंजिनाच्या जोराने एक्सेल स्वतःभोवती फिरू पाहतो, त्याला आवरतो. आणि पाट्यावर पाटा घासून जे घर्षण होते, त्याने गाडीचे उसळणेही थोडेफार शमते. चार यू-बोल्ट, दोन शॅकल आणि काही बुश, एवढ्यावर सगळा कारभार. पाटे बसले तर कुठल्याही हायवेवरचा मेस्त्री आणखी एक पाटा चढवून देतो. मुख्य पाटा मोडला तर बांधून, टेकू लावून गाडी गावापर्यंत येते.

खोट आहे तीही या गुणांतच. जे घर्षण उसळी शमवते, तेच लहान खड्ड्यात पाट्याला हलूच देत नाही. धक्का सरळ चासीत जातो. चिखल, वाळू, गंज पाट्यांमध्ये शिरला की गाडी आणखी ताठ होते. चढावर इंजिनाचा पूर्ण जोर लागला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो आणि सुटतो, चाक जमिनीवर थडथडते आणि पकड जाते. शिवाय एक टन माल पेलण्यासाठी बनवलेले पाटे रिकाम्या हौद्याखाली जवळजवळ दगडच असतात.

कॉइलमध्ये हे घर्षण नाही. पण कॉइल चारपैकी एकच काम करते: वजन पेलते. बाकी तिन्ही कामांसाठी वेगळी माणसे नेमावी लागतात, म्हणजे पुढेमागे धरणारे दांडे, आडवे धरणारा दांडा आणि सगळी उसळी गिळणारा शॉक अॅब्सॉर्बर. मागच्या एक्सेलला कॉइल लावण्याचा इतिहास खरे तर या दांड्यांचा इतिहास आहे. स्प्रिंग गुंडाळणे फार पूर्वीपासून येत होते. अडले होते ते एक्सेल जागेवर धरण्यापाशी.

युद्धानंतरच्या जर्मनीत शेतीसाठी जन्मलेल्या युनिमॉगने ते आधी सोडवले. 1948 मध्ये उत्पादनात आलेल्या या गाडीच्या दोन चाकांमधले अंतर 1270 मिलिमीटर होते, बटाट्याच्या दोन ओळींच्या हिशोबाने ठरवलेले. पुढेमागे दोन्हीकडे कॉइल होत्या आणि प्रोपेलर शाफ्टभोवतीची जाड नळीच एक्सेलला धरून ठेवत असे. नांगरलेल्या शेतात चारही चाके जमिनीला चिकटून राहावीत एवढाच हेतू होता, ऐषाराम कोणाच्या मनातही नव्हता. अमेरिकेत शेवरोलेने 1960 मध्ये हलक्या ट्रकांना मागे कॉइल दिल्या आणि एक्सेल धरायला दोन लांब दांडे केबिनखाली मध्यभागाकडे नेले. 1973 च्या नव्या मॉडेलात कंपनी पुन्हा पाट्यांवर आली. ते दांडे मात्र नॅसकारच्या मोटारशर्यतींनी उचलले आणि सर्वोच्च मालिकेत 2021 पर्यंत वापरले! मालवाहू गाडीचे सुटे अंग ताशी 300 किलोमीटरच्या शर्यतीत निम्म्या शतकाहून जास्त टिकले, ही मोटारींच्या इतिहासातली विलक्षण गोष्ट आहे.

खरे वळण मात्र इंग्लंडमध्ये आले. 1948 पासून लँड रोव्हर पाट्यांवरच चालत होती आणि जिथे ब्रिटिशांचे राज्य होते किंवा होऊन गेले होते, तिथे तिथे पोचली होती. रोव्हरचे अभियंते स्पेन किंग यांचा प्रश्न साधा होता: खडबडीत जमिनीवर जायचे तर स्प्रिंग ताठच कशाला हवी? मऊ आणि लांब पल्ल्याची का नको? अमेरिकेतल्या फोर्ड ब्रॉन्कोची पुढची रचना रोव्हरने अभ्यासली होती. तिथे कॉइल होती. किंग यांनी कॉइल पुढे आणि मागेही आणल्या. मागे खालून दोन दांडे, वरून डिफरन्शिअलच्या डोक्यावर येऊन मिळणारा त्रिकोणी दांडा, आणि हौद्यात वजन पडले की गाडीची पाठ पुन्हा सरळ करणारा बोगे कंपनीचा एक खांब. जून 1970 मध्ये रेंज रोव्हर बाजारात आली. दुसऱ्याच वर्षी ब्रिटिश लष्कराच्या मोहिमेने या गाड्या अलास्कातून निघून पार दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत नेल्या, वाटेतले डॅरिएनचे जंगल तुडवत. जंगलात डिफरन्शिअल मोडले, माणसे आजारी पडली, पण मऊ स्प्रिंग रानात चालते हे सिद्ध झाले. कामाच्या लँड रोव्हरला मात्र कॉइल मिळायला 1983 उजाडले. श्रीमंताच्या गाडीत आधी आणि शेतकऱ्याच्या गाडीत तेरा वर्षांनी, हा उशीर खटकतो.

टोयोटाकडेही हे ज्ञान नव्हते असे नाही. 1985 साली 70 मालिकेचीच हलकी आवृत्ती निघाली, ऑस्ट्रेलियात ती बुंडेरा नावाने विकली गेली, आणि तिला चारही चाकांवर कॉइल होत्या. जड कामाच्या गाड्यांना कंपनीने जाणूनबुजून पाट्यांवर ठेवले. ऑस्ट्रेलियातल्या खाणींत, मोठ्या पशुपालन केंद्रांवर या गाड्यांच्या मागे पाण्याच्या टाक्या, वेल्डिंगची यंत्रे, कुंपणाचे खांब कायमचे लादलेले असत. तिथे पाट्याला तोड नव्हती.

मग 2007 आले. नाकात आठ सिलिंडरचे डिझेल इंजिन बसावे म्हणून टोयोटाने पुढचा एक्सेल रुंद केला. मागचा केला नाही. पुढच्या दोन चाकांमधल्या अंतरापेक्षा मागच्या दोन चाकांमधले अंतर सुमारे 95 मिलिमीटरने कमी राहिले. डांबरी रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. सिम्पसन वाळवंटाच्या वाळूत जाणवतो: पुढच्या चाकांनी दाबून दिलेल्या चाकोरीत मागची चाके नीट बसत नाहीत, स्वतःची वाट स्वतः कोरत जातात आणि इंजिनाचे कष्ट वाढतात. त्यात गिब रिव्हर रोडसारखे शेकडो किलोमीटरचे कच्चे रस्ते, ज्यांच्यावर आडव्या सुरकुत्या पडलेल्या असतात. मागचा एक्सेल रुंद करायचाच आहे, तर पाटेही काढून टाकू, असा विचार वर्कशॉपवाल्यांनी केला आणि दोन्ही कामे जोडीने होऊ लागली.

हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. गाडी स्टँडवर चढवली की आधी यू-बोल्ट. जुन्या गाडीवर ते इतके गंजलेले असतात की पाना चालत नाही, ग्राइंडरच लावावा लागतो. पाटे खाली आले की चासीवरचे त्यांचे हँगर कापून, घासून पत्रा सपाट करतात. एक्सेलच्या बरोबर वर कॉइलची पोलादी खुर्ची बसते. इथेच पहिला धोका. पाटे गाडीचे वजन चासीवर प्रत्येक बाजूला दोन ठिकाणी, पुढे आणि मागे, वाटून देत होते. कॉइल ते सगळे एका जागी टेकवते. तेवढी चासी मजबूत केली नाही तर लादलेली गाडी तिथेच वाकते किंवा तडकते. दुसरा धोका एक्सेलच्या नळीवर. दांड्यांसाठी कान वेल्ड करताना उष्णतेने नळी किंचितही वाकली तर बेअरिंग आणि ऑइल सील लवकर जातात. म्हणून थोडे या बाजूला, थोडे त्या बाजूला, साच्यात आवळून वेल्डिंग करतात. अनेक जण जुनी नळी न वापरता नवी, रुंद नळीच घालतात. मग डिफरन्शिअलच्या नाकाचा कोन. तो चुकला तर प्रोपेलर शाफ्ट थरथरतो. आडवा पॅनहार्ड दांडा जमेल तितका लांब आणि आडवा हवा, कारण एक्सेल वरखाली होताना तो त्याला कमानीत फिरवतो आणि आखूड असला तर गाडीची पाठ डावीउजवीकडे झुलते. शेवटी ब्रेक. मागच्या भाराप्रमाणे ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह एक्सेलला जोडलेला असतो. गाडीची उंची बदलली की त्याला भार कळत नाही, तो पुन्हा बसवावा लागतो. आणि या सगळ्यावर अधिकृत अभियंत्याची मंजुरी लागते, तेव्हाच गाडी रस्त्यावर येते.

कॉइलचे कौतुक करताना तिची किंमतही सांगितली पाहिजे. निसानने नव्या पिढीच्या नवारा पिकअपला मागे कॉइल दिल्या, पण लादल्यावर पाठ बसते अशी ओरड झाल्याने 2017 आणि 2018 मध्ये मागच्या स्प्रिंगा दोनदा सुधारल्या. फोर्ड रेंजर रॅप्टरला 2018 मध्ये मागे कॉइल मिळाल्या. ऑस्ट्रेलियात साधी पाट्यांची रेंजर 3500 किलोचा ट्रेलर ओढते, तर ही रॅप्टर 2500 किलोचा. ऑस्ट्रेलियन लष्करासाठी बनलेल्या पेरेन्टी लँड रोव्हरमध्येही हाच निवाडा दिसतो: चारचाकीला मागे कॉइल, जड सहाचाकीला मागे पाटे.

महाराष्ट्रातही हा प्रवास घडला. पुण्यात बनलेल्या टाटा सफारीने 1998 मध्ये मागे पाच दांडे आणि कॉइल आणल्या. 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळू लागलेल्या विलीज जीपचा वारसा सांगणारी महिंद्रा थार 2010 मध्येही मागे पाट्यांवरच होती. 2 ऑक्टोबर 2020 रोजी विक्रीला आलेल्या, नाशिकला तयार होणाऱ्या नव्या थारने अखंड एक्सेल ठेवून कॉइल घेतल्या. त्याच महिंद्राचा बोलेरो पिकअप मात्र टोमॅटोचे क्रेट घेऊन पाट्यांवरच बाजार समितीत येतो, आणि ते योग्यच आहे.

जुन्या थारला किंवा जिप्सीला मागे कॉइल बसवून घ्यावी असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी ग्राइंडर सुरू करण्याआधी मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाचावे. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. ऑस्ट्रेलियात मंजुरी देणाऱ्या अभियंत्याकडे जाण्याची वाट आहे. इथे आधी आरटीओत जाऊन विचारा, लेखी उत्तर घ्या, मगच पाट्यांना हात लावा.