अल्पकालवाचक विरुद्धार्थी शब्द

दीर्घकाळ टिकणाऱ्या, रेंगाळणाऱ्या किंवा मुरून बसलेल्या वस्तूंच्या व अवस्थांच्या विशेषणांना प्रतियोगी असा मराठीतील शब्दवर्ग. शालेय पुस्तकांत हा विषय ‘शाश्वत × अशाश्वत’ अशा एकदोन जोड्यांवर उरकला जात असला, तरी प्रत्यक्ष व्यवहारात विरोधी शब्द विशेषणापेक्षा विशेष्यावरूनच अधिक ठरतो. म्हणून टिकाऊ सामानाच्या उलट तकलादू, टिकाऊ मालाच्या उलट नाशवंत, पक्क्या रंगाच्या उलट कच्चा, कायम नोकरीच्या उलट हंगामी, आणि जीर्णज्वराच्या उलट, आयुर्वेदाच्या परिभाषेत, नवज्वर.

तत्सम शब्दांत चिरस्थायित्व पुष्कळदा नकारानेच सांगितलेले आढळते: अमर, अक्षर, अविनाशी. अर्थात त्यांचे विरोधी मर्त्य, क्षर, विनाशी हेच घडणीने अगोदरचे ठरतात. साहित्यशास्त्राने मात्र निराळी वाट धरली. भरताच्या नाट्यशास्त्रात 8 स्थायी भावांच्या जोडीला ‘अस्थायी’ भाव नसून 33 व्यभिचारी अथवा संचारी भाव आहेत, आणि ते स्थायीला छेद देणारे नसून त्याला पोसणारे असल्यामुळे त्यांना विरोधी म्हणणे काहीसे धाडसाचेच होईल.

या वर्गातील सर्वांत बोलकी जोडी महसुली दप्तरातील होय. पेशवाईत ज्याची जमीन वंशपरंपरेची, जो सारा भरीत असेतो काढून लावता येत नसे, तो मिरासदार. आणि जो सरकारच्या किंवा धन्याच्या मर्जीनुसार, बहुधा ठराविक मुदतीच्या बोलीने जमीन कसे, तो उपरी. एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात या दोन्ही वर्गांची दखल घेतली आहे. पुढे सारापद्धती बदलली आणि हा भेद कागदोपत्री मावळला, तरी ‘उपरा’ हा शब्द परक्या माणसासाठी आजही बोलला जातो, व ‘मिरास’ मक्तेदारीच्या अर्थाने टिकून आहे.

बोलीत क्षणिकतेसाठी अळवावरचे पाणी, चार दिवसांची चैन, औटघटकेचे राज्य असे प्रयोग रूढ आहेत. औट म्हणजे साडेतीन आणि घटका 24 मिनिटांची. तेव्हा हे राज्य हिशेबाने 84 मिनिटांचे भरते, पण बोलणारा असा हिशेब कधी करीत नाही. रेंगाळण्याच्या उलट क्रियापद विचाराल, तर कामाच्या बाबतीत उरकणे किंवा आटोपणे, आणि अत्तराच्या बाबतीत उडून जाणे.

वृत्तपत्री मराठीत ‘बेमुदत’ संपाच्या समोर ‘मुदती’ संप येत नाही; एक दिवसाच्या संपाला ‘लाक्षणिक’ म्हणतात, आणि काळाशी काहीएक संबंध नसलेला हा शब्दच तेथे कायम झाला आहे.