प्रीती हातांनी करायची असते

ख्रिस्ती लोकांनी एकमेकांवर प्रीती करावी, ही येशूने शिष्यांना शेवटच्या भोजनाच्या वेळी दिलेली आज्ञा. आपल्या पिंपळनेर-साक्रीकडे आणि पुढे नवापूर-चिंचपाड्याच्या पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबे राहतात, तेव्हा ही आज्ञा इकडच्या पुष्कळांच्या कानांवरून गेलेली असेल. पण प्रीती करावी म्हणजे नेमके काय करावे? सकाळी उठल्यावर कोणते काम हाती घ्यावे म्हणजे ती प्रीती झाली? या प्रश्नाचे उत्तर प्रवचनात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधलेले बरे. इतिहासात माणसे काय बोलली यापेक्षा काय करून गेली, हे अधिक स्पष्ट दिसते.

अगदी पहिल्या ख्रिस्ती मंडळीचीच गोष्ट घ्या. यरुशलेमेत ही मंडळी एकत्र जेवत, आपले जे असेल ते गरजवंताला देत. वर्णन मोठे गोड आहे. परंतु थोड्याच दिवसांत तिथे तक्रार उठली. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, असे त्यांच्या लोकांचे म्हणणे पडले. म्हणजे प्रेम होते, पण वाढताना हात आपल्या माणसांकडे आधी वळत होता. तेव्हा प्रेषितांनी काय केले? प्रेमावर आणखी एक व्याख्यान दिले नाही. सात माणसे निवडली आणि वाटपाचे काम त्यांच्या अंगावर सोपवले. प्रीती टिकवायची तर तिची व्यवस्था लावावी लागते, हा धडा तिथे पहिल्यांदा मिळाला.

आता आपण आपल्या महाराष्ट्रात येऊ. १८९६-९७ साली मध्य प्रांतात आणि दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ चा म्हणून त्याला ‘छपन्याचा दुष्काळ’ म्हणतात. खानदेश आणि गुजरात दोघांनाही त्याने झोडपले. चारा संपला, गुरे गेली, माणसे घरदार सोडून सरकारी कामावर खडी फोडायला निघाली. अशा वेळी सर्वांत आधी कोण उघड्यावर पडते? विधवा आणि पोरकी मुले.

पंडिता रमाबाईंना ही स्थिती पुस्तकातून कळलेली नव्हती. १८५८ साली जन्मलेल्या या बाईने आपले वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण यांना १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत डोळ्यांसमोर मरताना पाहिले होते. वडील वारले त्या वर्षी, १८७४ साली, त्या अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ साली मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले.

१८९६-९७ च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या अनाथ-निवाऱ्यांची दशा पाहिली आणि सुमारे तीनशे मुली-बायका सोबत आणल्या. त्यांना ठेवायचे कुठे? पुण्यात प्लेगचा अंमल चालू होता. बाहेरून आणखी माणसे शहरात आणू देईनात. रमाबाईंनी पुणे जिल्ह्यात केडगावला १८९५ साली शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ साली या वस्तीचे ‘मुक्ती सदन’ झाले. छपन्याच्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि १९०० साली वस्ती दीड हजारांपर्यंत पोचली.

दीड हजार माणसे म्हणजे एक मोठे गाव झाले, बघा! त्यांना रोज दोन वेळा जेवू घालायचे, नेसवायचे, आजारात सांभाळायचे. नुसत्या कळवळ्याने हे होत नाही. विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे पाळली, तेलाचा घाणा आणि हातमाग चालू केले. रमाबाईंची कन्या मनोरमा अंधांना शिकवण्याची विद्या शिकून आली आणि आंधळ्या मुलींच्या बोटांना अक्षरे ओळखता येऊ लागली. छापखाना निघाला, तो बायकांनीच चालवला. खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणले, ते याच छापखान्यात छापले गेले.

पण केडगावची खरी कथा या उद्योगांत नाही, असे मला वाटते. ती आहे एका मुलीने दुसरीला सांभाळण्यात. दुष्काळातून आलेली पोर हाडांचा सापळा झालेली, अंगावर फोड, डोक्यात उवा, भेदरलेली, कधी हातातले अन्न हिसकावून घेणारी. तिला धुवायचे, खाऊ घालायचे, रात्री जवळ घेऊन निजायचे. पगारी माणसे आणायची म्हटली तर एवढ्यांना पुरणार कुठून? शारदा सदनात आधी शिकलेल्या मुलींनी हे काम अंगावर घेतले. यांतल्या कितीतरी उच्चवर्णीय घरांतल्या विधवा होत्या. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानायला त्यांना शिकवले होते, त्यांच्या लेकरांचे फोड त्यांना पुसावे लागले. प्रीतीची परीक्षा ती हीच.

ही पायरी एकदम चढली गेली नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. शारदा सदनात आरंभी ब्राह्मण विधवांना त्यांचे आचार पाळायची मुभा होती, वेगळा स्वयंपाक होता. त्यावाचून त्या घराबाहेर आल्याच नसत्या. दुष्काळाने मात्र नाना जातींच्या मुली एका छपराखाली आणल्या.

अशीच कथा लक्ष्मीबाई टिळकांची आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. घरात आकांत झाला. काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, तरी आपली चूल आणि पाण्याची भांडी त्यांनी सोवळ्यात वेगळी ठेवली. त्यांना कोणी वादात हरवले नाही. माणसामाणसांत हा भेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी स्वतःशीच विचार केला आणि एके दिवशी सोवळे सोडले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या पुस्तकात हे सारे हसतखेळत आले आहे. शिक्षक बंधुभगिनींनी ते वर्गात जरूर वाचून दाखवावे. दुसऱ्याला घास देणे त्या मानाने सोपे आहे. दुसऱ्याच्या हातचा घास आनंदाने घेणे फार अवघड. देणारा वर उभा असतो. घेणारा बरोबरीने बसतो.

मग ख्रिस्ती समाजात सगळीकडे असेच घडले काय? नाही. खरे ते सांगितले पाहिजे. गोव्यात चर्चच्या कोन्फ्रारी नावाच्या मंडळांत कित्येक पिढ्या जातीप्रमाणे सभासद घेतले जात. देशात अन्यत्रही बसण्याच्या जागा आणि दफनभूमी वेगळ्या राहिल्याची उदाहरणे आहेत. बाप्तिस्म्याचे पाणी लागल्याने पंगत आपोआप एक होत नाही. हे दुखणे एका धर्माचेही नव्हे. आपल्याच खानदेशात, अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींना १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसावे लागले होते, हे आपण जाणतोच.

आणखी एक प्रश्न सरळपणे विचारला पाहिजे. हे प्रेम कोणाला आपल्या धर्मात ओढण्यासाठी होते काय? रमाबाईंवर हा आरोप त्यांच्या हयातीतच झाला. १८९३ साली शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले, काही पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणावर सक्ती केली नाही, पण आपली उपासना दार लावूनही केली नाही. यावर आजही दोन मते आहेत. वाचकांनी आपले मत आपण ठरवावे. एवढे मात्र दोन्ही बाजूंना मान्य व्हावे की, प्रेमाला अट जोडली की तो व्यवहार होतो. टिळकांनाही हे जाणवले असावे. १९१७ साली साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा ठेवली होती.

आपल्या भागातले उदाहरण हवे असेल तर चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आहे. नवापूर तालुक्यातले हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. भिल्ल, कोकणी, मावची वस्तीच्या या मुलखात १९४२ पासून तिथे रुग्णसेवा चालत आली आहे. केडगावचे मुक्ती सदनही आज चालू आहे. रमाबाई १९२२ साली गेल्या, त्यांची मनोरमा तर त्यांच्या आदल्या वर्षीच गेली होती. तरी काम थांबले नाही. कारण ते एका बाईच्या मायेवर न ठेवता अनेक हातांत वाटून दिलेले होते.

तेव्हा गावच्या मंडळींनी आणि शिक्षकांनी या इतिहासातून काय घ्यावे? आपल्या गावात कोण एकटे जेवते, कोणाच्या आजारपणात कोणी जात नाही, शाळेच्या पंगतीत कोणते मूल कडेला बसते, याची आधी नोंद करावी. मग ते काम कोणाकडे आणि कोणत्या वारी, हे ठरवून टाकावे. ख्रिस्ती मंडळींनी आपल्या उपासनेनंतर करावे, वारकऱ्यांनी आपल्या भजनानंतर करावे. यरुशलेमेत सात माणसे नेमावी लागली होती. आपल्या गावाला दोन मिळाली तरी आरंभ होईल.