लसीकावाहिनीजनन, कर्करोगातील

आधीच्या लसीकावाहिन्यांना नवे फाटे फुटून त्यांचे जाळे वाढण्याची प्रक्रिया. भ्रूणाच्या वाढीत व जखम भरताना ती स्वाभाविकपणे घडते. मारक अर्बुदाभोवती घडल्यास मात्र कर्कपेशींना जवळच्या लसीकाग्रंथींपर्यंत पोचणे सुकर होते. स्तन, गर्भाशयमुख व तोंड यांचे कर्करोग आणि मेलॅनोमा यांत प्रसाराचा हा मार्ग विशेष महत्त्वाचा आहे.

लसीका केशवाहिनीची भित्ती पेशींच्या एकाच थराची असते. तिला अखंड आधारपटल नसते व पेशींमधील सांधे सैल असतात. त्यामुळे रक्तकेशवाहिनीपेक्षा तिच्यात शिरणे कर्कपेशींना सोपे जाते.

अर्बुदातील पेशी व तेथे जमलेल्या महाभक्षी पेशी व्हीईजीएफ-सी आणि व्हीईजीएफ-डी ही प्रथिने स्रवतात. ती लसीकावाहिनीच्या अंतःस्तरावरील व्हीईजीएफआर-३ या ग्राहीला चिकटली की तेथील पेशी विभागतात, सरकतात व नवी शाखा फुटते. व्हीईजीएफ-सीचा शोध हेलसिंकी येथे कारी आलितालो यांच्या गटाने १९९६ मध्ये लावला. ही प्रथिने वाढवल्यास लसीकाग्रंथींतील प्रसार वाढतो, हे २००१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. अर्बुदाच्या आतल्या वाहिन्या दाबामुळे बहुधा निकामी होतात. प्रत्यक्ष वहन कडेच्या रुंदावलेल्या वाहिन्यांतून होते, असे २००२ मध्ये आढळले. या वाहिन्या केवळ वाट देत नाहीत: त्यांनी स्रवलेले सीसीएल-२१ हे प्रथिन सीसीआर-७ ग्राही असलेल्या कर्कपेशींना आकर्षित करते. उंदरांत तर कर्कपेशी पोचण्यापूर्वीच लसीकाग्रंथीत नव्या वाहिन्या वाढलेल्या आढळल्या आहेत.

लसीकाग्रंथीतून रोग पुढे दूरच्या अवयवांत जातो का, याविषयी मतभेद आहेत. ग्रंथीतील कर्कपेशी तेथील रक्तवाहिन्यांत शिरतात, असे २०१८ मध्ये उंदरांत दिसले. उलट मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या २०१७ मधील जनुकीय अभ्यासात सुमारे ६५ टक्के रुग्णांत ग्रंथीतील व दूरच्या गाठी मूळ अर्बुदाच्या वेगवेगळ्या पेशीकुळांतून उद्भवल्या होत्या. म्हणजे बाधित ग्रंथी हे रोगाच्या प्रसारक्षमतेचे लक्षण असले, तरी दूरच्या प्रसाराचा उगम तेथेच असेल असे नाही.

बाधित ग्रंथींवरून रोगाची अवस्था ठरते. डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये मेलॅनोमासाठी मांडलेल्या पद्धतीत निळ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने अर्बुदाकडून लसीका प्रथम जिथे पोचते ती सेंटिनेल ग्रंथी शोधून तपासतात. ती बाधित निघाल्यावर उरलेल्या ग्रंथी सरसकट काढल्याने मेलॅनोमाच्या रुग्णांचा मृत्युधोका घटत नाही, असे २०१७ च्या मोठ्या चाचणीत आढळले. केवळ लसीकावाहिनीजनन रोखणारे औषध अद्याप नित्य उपचारांत आलेले नाही.