आधी जू पाहा

आमचे गाव नांदुऱ्याजवळ. माझे आजोबा कापसाची गाडी घेऊन खामगावला जायचे. संध्याकाळची जेवणे आटोपली की गाडी जुंपायची, रात्रभर चालायचे आणि उजाडता उजाडता बाजाराच्या रांगेत उभे राहायचे. सात-आठ वर्षांचा असताना हट्ट करून मीही एकदा त्यांच्याबरोबर गेलो. परतीच्या वाटेवर त्यांनी कासरा माझ्या हातात दिला. रिकामी गाडी, सरळ रस्ता, पण ती सारखी डावीकडे जायची. डावा बैल मागे पडतो आहे हे मला दिसत होते. मी त्याच्यावर चाबूक उगारला. आजोबांनी माझा हात धरला. म्हणाले, "बैलाले मारू नोको बापू. आंधी जू पाय."

जुवाची बांधणी दोन-तीन बोटे डावीकडे सरकली होती. त्यामुळे डाव्या बैलावर जास्त ओढ येत होती. आजोबांनी दोर सोडून पुन्हा मधोमध बांधला आणि गाडी सरळ चालू लागली. पुढे मोटार चालवताना हे वाक्य मला फार उशिरा आठवले. तो उशीर मला केवढ्यात पडला असता, ते पुढे सांगतो.

त्या रस्त्याचा इतिहास मोठा आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मँचेस्टरची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली आणि खामगावच्या बाजाराला तेजी आली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. आगगाडी आली, पण शेतापासून बाजारापर्यंत कापूस नेणारी बैलगाडीच राहिली. हंगामात खामगावच्या वाटा गाड्यांनी भरून जात. प्रत्येक गाडीवर एक धुरकरी असे आणि गाडी एका अंगाला का जाते, याचा जाणकार तोच.

बैलगाडीला स्टिअरिंग नसते. दोन चाके, मध्ये एक आस, पुढे जू. गाडी वळवायची म्हणजे बैल वळवायचे. त्यामुळे गाडी एका बाजूला ओढू लागली की धुरकरी चार गोष्टी पाहायचा. एक बैल थकला आहे का, लंगडतो आहे का? जू सरकले आहे का? एखाद्या चाकाचे वंगण आटले आहे का? कारण जे चाक जड फिरते, त्याच्याकडेच गाडी वळते. आणि शेवटी, रस्ताच एका अंगाला उतरता आहे का? या चारांपलीकडे पाचवे कारण क्वचितच निघे.

चार चाकांची गाडी आली तेव्हा प्रश्न अवघड झाला. युरोपातल्या बग्ग्यांची पुढची दोन चाके एकाच आसाला असत आणि तो अख्खा आस मधल्या खिळ्यावर फिरे. जोराने वळले की बग्गी कलंडायची. उत्क्रांतिवादाचे जनक चार्ल्स डार्विन यांचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे डॉक्टर होते. रोग्यांकडे जाण्यासाठी त्यांना सतत बग्गीतून हिंडावे लागे. आस जागेवर ठेवून दोन्ही चाके वेगवेगळी वळवावीत, ही युक्ती त्यांना अठराव्या शतकातच सुचली होती. पुढे म्युनिकचे बग्ग्या बनवणारे कारागीर गेऑर्ग लांकेन्श्पेर्गर यांनी १८१७ मध्ये तशी रचना केली. वळणावर आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळले पाहिजे, हे त्यातले मर्म. लंडनमधले त्यांचे प्रतिनिधी रुडॉल्फ अकरमन यांनी १८१८ मध्ये तिचे पेटंट आपल्या नावाने घेतले आणि नाव अकरमनचेच राहिले. आजच्या मोटारीच्या पुढच्या चाकांची मांडणी मुळात त्याच तत्त्वावर उभी आहे.

म्हणजे जू गेले आणि त्याच्या जागी सळ्या, सांधे आणि कोन आले. गॅरेजमधले मिस्त्री तीन कोनांची नावे घेतात. दोन्ही चाकांची तोंडे पुढे किंचित आत किंवा बाहेर असतात, तो टो. चाक वरून आत किंवा बाहेर कलते, तो कॅम्बर. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसा कल मोटारीच्या चाकालाही असतो. तो कॅस्टर. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते, ते मुख्यतः या कॅस्टरमुळे. कॅस्टर एका बाजूला कमी झाला की गाडी त्या बाजूला ओढते. कॅम्बरमध्ये ज्या बाजूचे चाक वरून जास्त बाहेर कललेले, तिकडे ओढते. टो बिघडला तर टायर झिजतात, स्टिअरिंग वाकडे दिसते, पण नुसत्या टोमुळे गाडी एका बाजूला सहसा ओढत नाही. तरीही गाडी ओढते म्हटले की पुष्कळ ठिकाणी आधी टोच बसवून देतात. पूर्वी तो दोरी लावून पाहत, आता संगणकावर पाहतात.

माझेही तेच झाले. १९९६ ची गोष्ट. मी तेव्हा बुलढाण्यात शिक्षक होतो आणि घरी एक जुनी मोटार घेतली होती. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली. पावसाळाभर ती अंगणात उभी होती. दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढली तर डावीकडे ओढू लागली. मी शहाणपणा करून एका मोठ्या गावी अलाइनमेंट करून आणली. दोन दिवस बरे वाटले, पुन्हा तेच. दुसऱ्यांदा करून आणली. आता दोनदा पैसे मोजलेत म्हणजे गाडी ठीकच असणार, अशी माझी समजूत झाली.

त्याच आठवड्यात पत्नीला आणि दोन्ही मुलांना मलकापूरच्या स्टेशनवर सोडायला निघालो. राजूर घाट उतरत होतो. निम्म्या घाटात स्टिअरिंग डावीकडे जड झाले आणि जळकट वास आला. एका वळणावर मी दोन्ही हातांनी चाक उजवीकडे ओढून धरले होते, तरी गाडी कठड्याकडे सरकत होती. कशीबशी थांबवली. मागून एक ओळखीचे मिस्त्री जीप घेऊन येत होते. ते उतरले आणि चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू नेत एक फेरी मारून आले. पुढच्या डाव्या चाकापाशी थांबून म्हणाले, "गुरुजी, तुमची दोरी बरोबर आहे. चाकच सुटं फिरत नाही, तर दोरी काय करणार?" ते चाक तव्यासारखे तापले होते. पावसाळ्यात उभ्या गाडीचा ब्रेक सिलिंडर गंजून अडकला होता. ब्रेकवरचा पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हता. वंगण आटलेले चाक! आजोबांच्या चार कारणांपैकी तिसरे. आणि मी दोनदा बैलालाच मारले होते.

नंतर त्या मिस्त्रींच्या गॅरेजात मी पुष्कळ बसलो. त्यांचा क्रम ठरलेला असे. सगळ्यात आधी थंड टायरची हवा. ज्या टायरमध्ये हवा कमी, तिकडे गाडी ओढते आणि ही तपासणी जवळपास फुकट होते. मग ते विचारत, गाडी नेमकी केव्हा ओढते? फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल, तर ज्या बाजूचा ब्रेक जास्त पकडतो, तिकडे ती जाते. दुसऱ्या बाजूचा धरतच नसेल, असेही असते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर ओढत असेल, तर ती पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची खोड असू शकते. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हापासून अशा गाड्या आपल्याकडे घरोघरी झाल्या. सारखीच ओढत असेल, तर थोडे अंतर चालवून चाके तापतात का ते पाहायचे. त्यानंतर पुढचे दोन टायर आपसात बदलायचे. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. रेडियल टायरमध्ये वरून न दिसणारा असा दोष असू शकतो. एवढे सगळे झाल्यावर कोन मोजायचे आणि तेही सैल सांधे, वाकलेल्या सळ्या पाहून मगच. सांधा हलत असताना बसवलेला कोन दुसऱ्या खड्ड्यात निघून जातो.

आणि रस्ता? पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते मधोमध उंच आणि कडेला उतरते बांधतात. आपण डावीकडून चालतो, म्हणून चांगली गाडीही थोडी डावीकडे झुकते. त्यात पूर्णा काठची आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मलकापूर, नांदुरा, शेगाव भागात रस्त्याच्या कडा त्यामुळे खचतात. म्हणून गाडीची परीक्षा सपाट, मोकळ्या जागी करावी आणि तेव्हाही हात स्टिअरिंगवर हलका ठेवावा, सोडू नये.

आता जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. मेहकर, सिंदखेडराजाकडची माणसे त्यावरून ताशी १२० किलोमीटरने जातात. मी वर्गात घालायचो तसे एक गणित करून पाहा. गाडी सरळ रेषेपासून फक्त एक अंश ढळली, तर ताशी चाळीसच्या वेगात ती एका सेकंदात वीतभर सरकते. ताशी १२० ला तेवढ्याच वेळात सुमारे ५८ सेंटिमीटर. दोन सेकंद डोळा लागला की पट्टा ओलांडला. आजोबांची गाडी रस्ता सोडून शेतात गेली असती, तर फार तर चार बोंडे तुडवली गेली असती.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला अपघात झाला, आग लागली आणि २५ माणसे गेली. पहिल्या बातम्यांत टायर फुटल्याचे आले. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालाला मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. त्या दुःखाबद्दल मी जास्त बोलू नये. एवढेच म्हणतो, की पहिले सुचलेले कारण खरे असतेच असे नाही. मी स्वतः ते घाटात शिकलो.

आजोबांची गाडी मोडीत निघाली, पण तिचे जू आमच्या गोठ्याच्या आढ्याला अजून टांगलेले आहे. मध्यभागी दोराने घासून पडलेली खाच आहे. त्या खाचेच्या डावीकडे दोन-तीन बोटांवर आणखी एक उथळ घासटी आहे. नातू मोटार शिकायला लागला, तेव्हा मी त्याला आधी ती दाखवली आणि मग टायरची हवा पाहायला पाठवले.