शेपटीचे गणित

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी उद्यानात आल्फोन्स पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने पिळलेल्या रबराच्या जोरावर उडणारे एक चिमुकले विमान सोडले. अकरा सेकंदांत ते सुमारे ४० मीटर गेले. अंतर थोडे खरे. परंतु चालकावाचून त्याने आपला तोल राखला, हे त्यातील मर्म.

पेनोने मागे एक लहानसा आडवा पंख बसविला होता, आणि तोही मुख्य पंखाहून कमी कोनात. झुळकीने नाक वर झाले, की शेपटीवरील उचल वाढे आणि नाक पुन्हा खाली येई. उलट राइट बंधूंचे १९०३ चे विमान स्वभावतः अस्थिर. त्याचा सारा भार चालकाच्या हातावर. पुढे १९११ साली जी. एच. ब्रायन यांच्या ग्रंथाने या डोलण्याला समीकरणांची चौकट दिली.

आज लहान विमानाच्या स्थैर्याचा अंदाज घेताना शेपटीचे क्षेत्रफळ व तिचे अंतर यांचा गुणाकार करतात, आणि त्यावरून तटस्थ बिंदू काढतात. गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या पुढे हवा. मागे सामान अधिक भरले, तर तो मागे सरकतो. बिंदू ओलांडला, की ढळलेले नाक आपोआप परतत नाही.

पेनो १८८० साली, तिसाव्या वर्षी वारला. मोठ्या विमानाच्या त्याच्या आराखड्याला कोणी द्रव्य दिले नाही. मात्र त्याची ती शेपूट बहुतेक लहान विमानांच्या मागे आजही दिसते.