पुण्यातील हौसेची होडी आणि तिच्याखालचे पाणी

१.
पुण्यात ‘बोट क्लब रस्ता’ नावाचा एक प्रतिष्ठित रस्ता आहे. तेथील घरांच्या किमती सर्वांना ठाऊक असतात. रस्त्याच्या नावातील बोट मात्र फारच थोड्यांनी पाहिलेली असते. हे नाव आले १८६८ साली स्थापन झालेल्या आणि पुढे ‘रॉयल कनॉट बोट क्लब’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेवरून. समुद्रापासून सह्याद्रीने तोडलेल्या या शहरात हौसेखातर होडी बाळगण्याची परंपरा सुमारे पावणेतीनशे वर्षांची आहे. या हौसेचा खर्च कोणी उचलला आणि तिची जबाबदारी कोणाकडे होती, हा आजच्या धाग्याचा विषय.

२.
आधी एक भेद स्पष्ट करू. कोळ्याची होडी मासे आणते, तरीची होडी उतारू पोहोचवते. या होड्या आपला खर्च आपण फेडतात. हौसेची होडी काहीच मिळवत नाही. युरोपातही हा प्रकार तसा अलीकडचा. ‘यॉट’ हा शब्द ज्या डच शब्दावरून आला त्याचा अर्थ ‘शिकार’. वेगवान, पाठलागाच्या नौकांचे ते नाव होते. १६६० साली डचांनी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला अशी एक नौका भेट दिली आणि तेथील राजघराण्याला नौकाविहाराचा छंद जडला. राजाच्या छंदाचे पैसे अर्थातच राजाला कमवावे लागत नाहीत.

३.
हौसेच्या होडीचे खर्च तीन. पहिला होडीचा. दुसरा तिच्यासाठी राबणाऱ्या माणसांचा: वल्हेकरी, सुतार, राखणदार. तिसरा पाण्याचा. समुद्रकाठच्या माणसाला हा तिसरा खर्च जाणवत नाही, कारण समुद्र आयता असतो. पुण्यात तसे नाही. येथील नद्या पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात खडक दाखवतात. पुण्यात होडी चालवायची तर आधी पाणी थांबवावे लागते. हा तिसरा खर्च कोणी केला, याचाच माग पुढे काढू.

४.
आरंभ पर्वतीच्या पायथ्याशी होतो. पर्वतीवरील देवालय नानासाहेब पेशव्यांनी बांधले आणि १७५० च्या दशकात खाली आंबिल ओढ्याचे पाणी अडवून तळे करविले. तळ्यात मधोमध बेट राखले होते. १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळी त्या बेटावर गणपतीची स्थापना झाली. आजचा सारसबागेचा गणपती तो हाच. जुने पुणेकर अजूनही त्याला ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, यात त्या पाण्याची आठवण टिकून आहे.

५.
या तळ्यात पेशवे नौकाविहार करीत. त्याविषयी एक कथा सांगितली जाते: होडीत राजकारणाची खलबते चालत, म्हणून वल्ही मारण्यासाठी मराठी न कळणारे सिद्दी नावाडी नेमले होते. कथा खरी असो वा नसो, तिच्यातून एक गोष्ट उघड होते. धन्याची होडी वल्हवणारी माणसे निराळी होती, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या यादीतील दुसरा खर्च तो हा.

६.
दुसरी आख्यायिका तिसऱ्या खर्चाची आहे. तळ्याचे काम रेंगाळलेले पाहून नानासाहेब हत्तीवरून उतरले आणि स्वतः दगड उचलू लागले. ते पाहताच बरोबरचे सरदारही कामाला लागले, असे म्हणतात. ही आख्यायिका लक्षात ठेवावी; धाग्याच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे. पेशवाई गेली, तळ्याला धनी उरला नाही, आणि विसाव्या शतकात ते बुजून त्या जागी बाग झाली. गणपती राहिला, पाणी गेले. राखण थांबली की तळे किती काळ टिकते, याचे उत्तर आपण रोज त्या हिरवळीवर बसून पाहतो.

७.
आता नदीकडे वळू. मुळा आणि मुठा यांच्या संगमाच्या खालच्या अंगाला १८५० मध्ये दगडी बंधारा उभा राहिला. आजच्या ‘बंडगार्डन’मधील ‘बंड’ म्हणजे हाच बंधारा. त्या शब्दाचा बंडखोरीशी काही संबंध नाही. त्यासाठी मुंबईचे पारशी व्यापारी व दानशूर सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मोठी देणगी दिली. हेतू पिण्याच्या पाण्याचा होता. परंतु बंधाऱ्यामागे संगमापर्यंत संथ पाण्याचा लांब पट्टा तयार झाला, आणि वल्हवण्यासाठी याहून अनुकूल जागा दख्खनच्या पठारावर सहज मिळणारी नव्हती.

८.
अठरा वर्षांनी त्याच पाण्यावर बोट क्लब आला. क्लब हा मुळात खर्च वाटून घेण्याचा मार्ग आहे. पुण्यातील इंग्रज अधिकाऱ्याची बदली केव्हा होईल याचा भरवसा नसे. अशा माणसाने स्वतःची होडी करवून घेणे, तिला छप्पर शोधणे, माणूस ठेवणे आणि बदली होताच मिळेल त्या किमतीला ती विकणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. वर्गणी भरली की होडी, होडीघर आणि नोकर तिन्ही मिळत. मालकी सर्वांची, म्हणून ओझे कोणा एकावर नाही.

९.
हे ओझे कशाचे, हे समजण्यासाठी लाकडी होडीचा स्वभाव पाहावा. ती पाण्यात ठेवली तर कुजते आणि उन्हात ठेवली तर फळ्या आकसून सांधे उघडतात. सांध्यांत कापसाची वात ठासायची, वरून डांबर किंवा तेल द्यायचे, पुन्हा पाण्यात सोडताना लाकूड फुगून सांधे मिटेपर्यंत थांबायचे. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या शाकारून ठेवतात, ती याच काळजीची रीत. नदीकाठी आणखी एक धोका असतो: पुराचे पाणी चढण्याआधी होडी वर ओढली नाही तर ती पाण्याबरोबर जाते. होडी वर्षात थोडे दिवस चालते. तिची निगा मात्र बारा महिने राखावी लागते.

१०.
१८६८ या सालाचा आणखी एक योगायोग आहे. मुंबई इलाख्यात त्याच वर्षी तरी आणि अंतर्देशीय जलयानांविषयीचा कायदा झाला. म्हणजे बोट क्लब निघाला त्याच वर्षी इलाख्यातील तरींसाठी सरकारने नियम बांधले. पैसे घेऊन माणसे पलीकडे नेणाऱ्याला सरकारी नियम होते. हौसेने वल्हवणाऱ्याची शिस्त मुख्यतः क्लबाच्या नियमांवर सोडलेली होती. एकाच प्रकारच्या पाण्यावर जबाबदारीच्या अशा दोन तऱ्हा होत्या, आणि त्या होडी कोणाच्या हातात आहे यावर ठरत.

११.
क्लबाच्या नावातील ‘कनॉट’ म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा तिसरा मुलगा आर्थर, ड्यूक ऑफ कनॉट. १८८६ ते १८९० या काळात तो मुंबई लष्कराचा सेनापती होता. त्या काळी बहुतेक युरोपीय क्लबांत भारतीयांना सभासद म्हणून प्रवेश नसे. हा अपमान इतका बोचत होता की पुढे मुंबईत दोन्ही समाजांसाठी खुला असा विलिंग्डन क्लब काढावा लागला. पुण्याच्या नदीवरील संथ पाणी एका भारतीयाच्या दानातून आले होते. त्यावरची हौस मात्र दीर्घकाळ प्रामुख्याने राज्यकर्त्यांची राहिली. पाण्याचा खर्च एकाने करावा आणि होडी दुसऱ्याने वल्हवावी, ही तऱ्हा येथे उघडपणे दिसते.

१२.
ती बदलण्यास विद्यार्थ्यांनी हातभार लावला. १८५४ मध्ये सुरू झालेले पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचे सीओईपी, संगमाजवळच आहे. तेथे १९२८ साली बोट क्लब स्थापन झाला. आता वल्हे धरणारा हात साहेबाचा नव्हे, तर सोलापूर, नाशिक, कोकण अशा ठिकाणांहून शिकायला आलेल्या मुलांचाही होऊ शकत होता. या क्लबाचा ‘रिगाटा’ आजही पुण्याच्या सांस्कृतिक जीवनाचा भाग आहे. शब्द मूळचा व्हेनिसचा. पण कयाकांचे बॅले, होड्यांची बाणाच्या आकाराची रचना आणि अंधारात फिरणाऱ्या मशाली हा थाट अस्सल पुणेरी.

१३.
विद्यार्थ्यांच्या क्लबात मालकीचा अर्थ पालटतो. शर्यतीची एकेरी स्कल बोट सुमारे ८ मीटर लांब असते, आणि स्पर्धेच्या नियमांनुसार तिचे किमान वजन अवघे १४ किलो. आठ वल्हेकऱ्यांच्या बोटीचे किमान वजन ९६ किलो. इतके हलके कवच घाटाच्या दगडावर एकदा आपटले तरी चिरते. म्हणून नवख्याला आधी शिकवतात ते बोट उचलणे, खांद्यावरून नेणे, धुणे आणि परत जागेवर ठेवणे, वल्हवणे त्यानंतर. विद्यार्थी चार वर्षे राहतो, बोट त्याच्या नंतरही राहते. तो मालक नसतो, पुढच्या तुकडीचा विश्वस्त असतो.

१४.
या विचाराचे सर्वांत ठळक उदाहरण लष्कराच्या पाण्यावर सापडते. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या दुष्काळी तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला. पुण्यातील लष्करी रोइंग केंद्रात त्याने सराव केला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कलमध्ये तेरावा क्रमांक मिळवला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्याने सुवर्णपदक जिंकले. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गावाचा मुलगा स्वतःच्या खर्चाने बोट घेऊन या खेळात येणे अवघड होते. बोट, प्रशिक्षक आणि पाणी यांचा भार संस्थेने उचलला, म्हणून ही हौस त्याच्यापर्यंत पोहोचली.

१५.
आता तिसऱ्या खर्चाचे आजचे रूप पाहू. शहर वाढले, सांडपाणी नदीत येऊ लागले, आणि त्या पाण्यावर जलपर्णी पोसली गेली. जलपर्णीत वल्हे अडकते. बोट नवी असून उपयोग होत नाही. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या ‘जायका’ या संस्थेशी जानेवारी २०१६ मध्ये कर्जाचा करार झाला. ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमता आणि मूळ अंदाजित खर्च ९९० कोटी २६ लाख रुपये. एका क्लबाची वर्गणी आणि हा आकडा शेजारी ठेवले की पुण्यात होडी ‘बाळगण्याचा’ खरा खर्च कळतो.

१६.
हा प्रश्न केवळ आपला नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची टेम्स नदी इतकी घाण झाली की दुर्गंधी रोखण्यासाठी पार्लमेंटच्या पडद्यांवर चुनखडीयुक्त रसायन लावावे लागले. त्यानंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट याच्या हाताखाली शहराच्या गटारांचे विशाल जाळे बांधले गेले. ज्या राष्ट्राने पुण्यात नौकाक्रीडेचे क्लब आणले, त्याची स्वतःची राजधानी त्याच दशकांत नदी वाचवण्यासाठी खणली जात होती. होडीचा छंद आपल्याकडे आला. नदी राखण्याचा धडा मात्र तितक्या लवकर आला नाही.

१७.
कायद्याने मालकाची जबाबदारी आता अधिक स्पष्ट केली आहे. १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार यंत्रचलित होडीला तपासणी, नोंदणी आणि विमा लागतो. बिनयंत्राच्या होड्यांची स्थानिक पातळीवर नोंद करण्याची तरतूदही त्यात आहे. हे कागदी सोपस्कार वाटू शकतात. पण मुळा-मुठेचे पाणी भीमेतून ज्या उजनी जलाशयात जाते, तेथे २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून ६ जणांनी प्राण गमावले. होडी हौसेची असो वा पोटाची, तिच्यात बसणाऱ्याचा जीव मालकाच्या हवाली असतो.

१८.
सारांश असा. पेशव्यांची होडी, साहेबांची होडी, विद्यार्थ्यांची होडी: मालक बदलत गेले, तसा पहिला आणि दुसरा खर्चही हात बदलत गेला. तिसरा खर्च प्रत्येक वेळी समाजाने केला, कधी राज्याच्या तिजोरीतून, कधी दात्याच्या देणगीतून, कधी कर्जातून. ज्यांनी त्या पाण्याचा उपभोग घेतला त्यांनी तो आपला खर्च मानला नाही, तेव्हा पाणी गेले. पर्वतीचे तळे त्याची साक्ष देते.

१९.
म्हणून नानासाहेबांच्या त्या आख्यायिकेकडे परत येऊ. तिच्यातील पेशवा होडीत बसलेला नाही; तो हत्तीवरून उतरून बांधाचा दगड उचलतो आहे. ती घडली की नाही, याचा वाद अभ्यासकांनी घालावा. पण ती पुणेकरांनी इतकी वर्षे सांगितली, याचा अर्थ पाणी राखणे हे मालकाचे काम आहे ही जाणीव त्यांना होती. पुढच्या खेपेस बोट क्लब रस्त्यावरून जाल, तेव्हा पाच मिनिटे काढून बंडगार्डनच्या काठाशी उभे राहा आणि खालचे पाणी पाहा. ज्या पाण्याने त्या रस्त्याला नाव दिले ते आज कोणत्या अवस्थेत आहे, हे ठरवण्यात आपलाही वाटा आहे.