स्त्रीची संमती : एका खटल्याचा इतिहास

विवाह हा आपल्या सोळा संस्कारांपैकी एक प्रमुख संस्कार होय. पुराणांतील स्वयंवराच्या कथा आपण बालपणापासून ऐकत आलो. तथापि घरोघरीच्या रूढीत कन्येचे दान होते, आणि दानाच्या वेळी देणाऱ्याची व घेणाऱ्याची इच्छा पाहतात, जिचे दान व्हावयाचे तिची नव्हे. या एका गोष्टीवरून गेल्या दीडशे वर्षांत आपल्या देशात मोठे वाद झाले, न्यायालयांत खटले चालले आणि कायदे झाले. त्या इतिहासातील एक मोठा अध्याय मुंबईतील एका मराठी मुलीच्या नकाराने सुरू झाला. तो अध्याय व त्यापुढील वाटचाल आपल्या समाजातील कुटुंबांपुढे, विशेषतः ज्या घरांत उपवर मुली आहेत त्यांच्यापुढे, थोडक्यात मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रुखमाबाई यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत सुतार ज्ञातीत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच वारले. या ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहास मज्जाव नव्हता. त्यामुळे मातोश्री जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन या नामांकित वैद्यकतज्ज्ञांशी विवाह केला. डॉक्टर विद्याव्यासंगी व सुधारक वृत्तीचे होते आणि सावत्र मुलीच्या वाचनास त्यांचे उत्तेजन होते. तरीही रूढी चुकली नाही. अकराव्या वर्षी रुखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावण्यात आले. लग्नानंतर त्या माहेरीच राहिल्या व पुस्तकांत रमल्या. दादाजी मामाच्या आश्रयास राहिले व शिक्षणात मागे पडले. दोघांचा संसार असा कधी सुरूच झाला नाही.

१८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. कायद्याच्या भाषेत त्यास दांपत्याधिकाराच्या पुनःस्थापनेचा दावा म्हणतात. आपल्या बोलीत सांगावयाचे तर बायकोने नांदावयास यावे म्हणून केलेला दावा. पतीच्या पक्षाचे म्हणणे असे की, मुलीच्या नावे असलेल्या मालमत्तेसाठी तिच्या माहेरच्यांनी तिला अडवून धरले आहे. रुखमाबाईंच्या पक्षाचे म्हणणे असे की, मालमत्तेवर डोळा आहे तो पतीचाच. परंतु या देवघेवीच्या गोष्टींहून त्यांचे एक म्हणणे निराळे होते, आणि त्यानेच हा खटला इतिहासात अमर केला. त्या म्हणाल्या की, हा विवाह आमच्या अज्ञान वयात झाला. त्यास आमची संमती नव्हती. तो आम्हांस बंधनकारक मानू नये. आपल्या न्यायमंदिरात एका हिंदू पत्नीने असे उघडपणे म्हणावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

न्यायमूर्ती पिन्हे यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी दावा फेटाळला. त्यांचे विवेचन आजही मननीय आहे. पुनःस्थापना म्हणजे पूर्वी असलेले सहजीवन पुन्हा जोडणे. येथे उभयता कधी एकत्र राहिलेलेच नाहीत, तेव्हा पुनःस्थापना कशाची करावयाची? शिवाय असा दावा हिंदू धर्मशास्त्राचा नव्हे; तो इंग्लंडातून येथे आणलेला आहे, असेही त्यांनी दाखवून दिले. परंतु अपिलात सरन्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ मध्ये हा निर्णय फिरविला व खटला फेरसुनावणीस धाडला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रुखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीकडे जावे, न गेल्यास सहा महिन्यांची कैद भोगावी. नको असलेल्या संसारापेक्षा आपण तुरुंग पत्करू, असे त्या बाणेदार स्त्रीने कळविले. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले व हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. रुखमाबाई १८८९ मध्ये विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ स्त्रियांची रुग्णसेवा केली.

खटला चालू असता सारा महाराष्ट्र दुभंगला होता. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने रुखमाबाईंवर कठोर टीका केली. आपल्या धर्माच्या घरगुती बाबतीत परकीय सत्तेने हात घालू नये, ही त्या पक्षाची भूमिका. मलबारींसारखे सुधारक रुखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. या वादातील एक विसंगती मात्र आजच्या वाचकाने ध्यानात घ्यावी. ज्या दाव्याचे समर्थन धर्मरक्षण म्हणून चालले होते, तो मुळात इंग्लंडच्या ख्रिस्ती धर्मन्यायालयांतला. १८६७ साली एका मुस्लिम दांपत्याच्या प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असा दावा हिंदुस्थानात चालू शकतो असे ठरविले आणि मग तो येथे रुळला. इतकेच नव्हे, तर ज्या १८८४ साली दादाजींनी मुंबईत दावा लावला, त्याच साली इंग्लंडने आपल्याकडील अशा दाव्यातील कैदेची शिक्षा रद्द केली होती. मालकाने टाकून दिलेले शस्त्र आपण धर्माचे शस्त्र म्हणून उचलले! स्त्रीला ताब्यात ठेवण्याचा प्रश्न आला म्हणजे स्वकीय कोणते व परकीय कोणते, याचा विवेकही सुटतो, हे यावरून कळून येते.

रुखमाबाईंच्या नकारामागे त्या काळचा एक विचार होता. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध प्रसिद्ध केला. सुरतेकडील एका तरुण विधवेस अर्भकहत्येच्या आरोपावरून झालेली शिक्षा व त्यावरून वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर उठलेले काहूर, हे त्या निबंधाचे निमित्त. ज्या दुर्गुणांचा दोष तुम्ही स्त्रियांना देता, ते पुरुषांत नाहीत काय? आणि जो अपराध दोघांचा, त्याची शिक्षा एकटीलाच का? असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. महात्मा जोतीराव फुले यांनी या लेखिकेची बाजू घेतली. आज ज्यास स्त्रीवाद म्हणतात व ज्याचे नाव काढताच आपल्यातील कित्येक वडीलधारी मंडळी कपाळास आठ्या घालतात, त्याचे बीज असे आपल्याच मातीत, आपल्याच भाषेत रुजलेले आहे. पुरुषांचा द्वेष हा त्याचा गाभा नव्हे. स्त्रीच्या देहाविषयी, प्रेमाविषयी व संसाराविषयी जो निर्णय होईल त्यात तिचा शब्द असावा, एवढाच त्याचा गाभा होय.

कायद्याने मात्र तिचा शब्द एकदम मानला नाही. प्रथम तिचे वय मोजले. १८६० च्या दंडसंहितेत दहा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला समागम अपराध ठरत नसे. १८९० साली बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या अशाच कृत्याने प्राणास मुकली. तिचे वय दहाच्या वर गेलेले असल्यामुळे बलात्काराचा आरोप लागू झाला नाही, आणि पतीस केवळ एक वर्षाची सक्तमजुरी झाली. या घटनेने देश हादरला व मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन दहाची मर्यादा बारावर गेली. त्या वेळीही पुण्यात रणकंदन माजले. टिळकांचा विरोध सरकारी कायद्याला होता; मुलींचे विवाह सोळा वर्षांपूर्वी न करण्याची प्रतिज्ञा सुधारकांनी स्वतः घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. आगरकर व डॉ. भांडारकर यांनी कायद्याचा पुरस्कार केला. पुढे १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा केले, १९४९ साली ते पंधरा झाले आणि १९७८ साली अठरा. दहापासून अठरापर्यंत येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू संहितेचे विधेयक मांडले. ते रखडले, व ते रखडणे हे त्यांच्या १९५१ मधील मंत्रिपदाच्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण ठरले. पुढे त्याच विधेयकाचे भाग पाडून १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. एकपत्नीत्व आले, घटस्फोटाचा मार्ग खुला झाला. स्त्रीस हा मोठाच आधार होता. परंतु त्याच कायद्याच्या नवव्या कलमात नांदावयास आणण्याचा तो जुना दावा तसाच राहिला. कैदेची शिक्षा १९२३ सालीच गेली होती. दावा मात्र गेला नाही. त्याच वर्षी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, डॉ. रुखमाबाई नव्वदाव्या वर्षी निवर्तल्या. ज्या दाव्याविरुद्ध त्या तरुणपणी उभ्या राहिल्या, तो स्वतंत्र देशाच्या कायद्यात नव्याने लिहिला गेल्यावर त्यांनी डोळे मिटले.

संमती म्हणजे काय, हा प्रश्न पुढे महाराष्ट्रातच पुन्हा उभा राहिला. १९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, यास महत्त्व देऊन सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. भीतीने गप्प राहणे निराळे व मनाने होकार देणे निराळे, हे त्यांनी ठासून सांगितले. गावोगावच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराच्या कायद्यात दुरुस्ती झाली.

त्याच वर्षी आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चौधरी यांनी नवव्या कलमाचा दावा राज्यघटनेविरुद्ध ठरविला. अशा हुकमाने स्त्रीच्या देहाविषयीचा निर्णय तिच्या हातून निघून सरकारच्या हाती जातो, असा त्यांच्या निकालाचा आशय. परंतु १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मोडू पाहणारे संसार सावरण्यास हे कलम उपयोगी आहे, या विचाराने ते वैध ठरविले. हा दावा पत्नीसही लावता येतो, हे खरे. तथापि 'नांदा सौख्यभरे' हा आपल्याकडे आशीर्वाद आहे. आशीर्वादाची गोष्ट हुकमाने कशी घडावी? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीस संरक्षण दिले. प्रौढ पत्नीच्या बाबतीत २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही पतीस असलेली सूट कायम ठेवण्यात आली. म्हणजे रुखमाबाईंनी विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर तेव्हाही मिळाले नव्हते.

आता हा प्रश्न ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, कायदा उंबरठ्याबाहेर थांबतो. उंबरठ्याच्या आत रूढी राज्य करते, आणि रूढी राखणारे वा बदलणारे आपणच आहोत. सज्ञान व्यक्तीने आपला जोडीदार निवडणे हा तिचा हक्क आहे व कोणत्याही पंचायतीस त्यात आडवे येता येणार नाही, असे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा केला. तो ज्ञातिपंचायतींच्या वागणुकीमुळेच करावा लागला, ही आपणा सर्वांनी खाली मान घालून ऐकण्याची गोष्ट आहे.

आम्ही आयुष्यभर शाळेत मुले शिकविली. शाळेच्या जनरल रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो. हुशार मुलींच्या नावांपुढे त्यात 'घरगुती अडचण' असे दोन शब्द आम्ही कितीदा पाहिले, त्याची गणती नाही. त्या दोन शब्दांचा अर्थ वर्गातील प्रत्येक मुलीस ठाऊक असे. तो अर्थ लग्न हा होता, आणि त्या लग्नाविषयी मुलीस कोणी काही विचारले आहे, असे आमच्या कानी क्वचितच आले. 'मुलीच्या जातीला काय कळते,' हे उत्तर मात्र पुष्कळदा ऐकले. जिला गणितातील त्रैराशिक कळते, तिला आपल्या जन्माचा सोबती कोण असावा हे कळणार नाही, असे मानणे आम्हांस तरी कधी पटले नाही.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. वधू-वर सूचीच्या अर्जात जन्मतारीख, रास, देवक, शिक्षण, पित्याचा व्यवसाय व उत्पन्न यांचे रकाने असतात आणि खाली पालकाची सही असते. त्या सहीच्या वर मुलीची व मुलाची स्वतःची सही असावी, आणि तीही अर्ज वाचून, समजून केलेली. सज्ञान नसलेल्याचा अर्ज घेऊच नये. अर्ज घेणाऱ्या भगिनीने मुलीशी पाच मिनिटे एकांतात बोलावे व तिचा नकार असल्यास तो कारण न विचारता मान्य करावा. त्याचप्रमाणे, पुढे जमले नाही म्हणून जी मुलगी परत येईल, तिला 'नांदत नाही' असे हिणवण्यापूर्वी तिचे म्हणणे काय आहे ते घरच्यांनी ऐकून घ्यावे.

यास खर्च लागत नाही, कायदाही लागत नाही. कोणी म्हणेल, यामुळे मुली बिघडतील व जमलेली लग्ने मोडतील. एखादे मोडेलही. परंतु मांडवात उभे राहण्यापूर्वी मोडलेले लग्न हे न्यायालयाच्या पायरीवर मोडलेल्या संसारापेक्षा पुष्कळ बरे. रुखमाबाईंना आपला नकार सांगण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले व कैदेची तयारी ठेवावी लागली. आपल्या लेकींना तो आपल्याच ओसरीवर, आईबापांच्या देखत, निर्भयपणे सांगता यावा. ज्ञातिबंधू व भगिनी या सूचनेचा विचार करतील, अशी आशा बाळगून आम्ही लेखणी खाली ठेवतो.